रखवालीपासून सालदारीपर्यंत: इंग्रजी अमलातील खानदेश आणि तेथील भिल्ल

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि पश्चिमेला डांगचे जंगल यांच्या मध्ये पसरलेले तापीचे काळ्या मातीचे खोरे म्हणजे खानदेश. दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई बुडाल्यावर, १८१८ मध्ये, हा प्रदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा तो सुपीक असूनही बराचसा ओसाड पडलेला होता. होळकरांच्या फौजांची लूट, पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आणि त्यानंतर पेंढाऱ्यांच्या धाडी यांमुळे गावेच्या गावे उठून गेली होती आणि शेतांवर झुडपे माजली होती. मालेगावचा किल्ला तर पेशवाई संपल्यानंतरही अरब शिपायांच्या ताब्यात राहिला आणि तो घेण्यासाठी कंपनी सरकारला रीतसर वेढा घालावा लागला.

या प्रदेशात कोणतीही एकच जमात बहुसंख्य म्हणून मिरवू शकत नव्हती. सपाटीवर कुणबी, लेवा पाटीदार आणि गुजर हे शेतकरी होते. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहणारे वंजारी होते. सातपुड्याच्या पायथ्याशी इस्लाम स्वीकारलेले तडवी भिल्ल होते. अक्राणीच्या पठारावर पावरा आणि नवापूरच्या बाजूला मावची होते. या प्रदेशाच्या बोलण्याची खूण असलेली अहिराणी भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक पाहणीत मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या शेजारी ठेवली. या वर्गीकरणाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी खानदेश हा दख्खन, गुजरात आणि माळवा यांच्या सांध्यावरचा प्रदेश आहे, ही गोष्ट त्यातून नेमकी दिसते.

इंग्रजांना सर्वांत अवघड गेले ते भिल्ल. त्यापूर्वीच्या राज्यांनी भिल्लांशी एक सैलसर व्यवहार सांभाळला होता. गावातला भिल्ल जागल्या म्हणून रात्रीची राखण करी, चोराचा माग काढी आणि त्याबदल्यात धान्याच्या रूपाने आपला वाटा घेई. डोंगरातले नाईक, म्हणजे भिल्लांच्या टोळ्यांचे वंशपरंपरागत प्रमुख, घाटवाटा सांभाळीत आणि लगतच्या गावांकडून ठरलेला हक्क वसूल करीत. राज्य बळकट असले की याच व्यवहाराला रखवाली म्हणत आणि ते दुबळे झाले की दरोडेखोरी. पेशवाईच्या अखेरच्या काळात हा व्यवहार पार मोडला. १८०४ मध्ये पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याच्या अमलात कोपरगावला भिल्लांची मोठी कत्तल झाली आणि त्यानंतर सरकारी शब्दावर विश्वास ठेवण्याचे भिल्लांना काही कारणच उरले नाही. भिल्लांना जन्मजात लुटारू ठरवणारे इंग्रजी अहवाल वाचताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

खानदेशचे पहिले इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला ठाणे केले. काही नाईकांना तनखे देऊन आणि इतरांवर फौजा पाठवून त्यांनी बंदोबस्त करण्याचा प्रयत्न केला. मात्र डोंगरातल्या हिवतापाने शिपाई आजारी पडत आणि एक टोळी मोडली की दुसरी उभी राही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये, धोरण बदलले आणि तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. कन्नडच्या एजन्सीत मेजर ओव्हन्स यांनी भिल्लांना जमीन, बैल, बियाणे आणि तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी उचल, देऊन वसवायला सुरुवात केली. लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे भिल्लांचीच एक पलटण उभारली. औट्रम नाईकांच्या वस्त्यांवर राहिले, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेले आणि त्यांतूनच त्यांना शिपाई मिळाले. पुढे या पलटणीने घाटवाटा राखल्या, खजिन्यावर पहारे दिले आणि बंडखोर टोळ्यांचा पाठलागही केला.

चरित्रकारांनी या यशाचे श्रेय औट्रम यांच्या धाडसाला भरभरून दिले आहे आणि ते धाडस खरेही होते. तथापि यशाचे कारण अधिक साधे आहे. भिल्लांचे जुने रखवालीचे काम सरकारने त्यांना पगारी स्वरूपात परत दिले. फरक एवढाच पडला की नाईकाचा हक्क नाईकाचा होता, तर शिपायाचा पगार सरकारचा होता आणि तो बंद करणेही सरकारच्याच हाती होते. याच सुमारास, १८३० मध्ये, औट्रम यांनी डांगमधील भिल्ल प्रमुखांवर मोहीम केली. पुढे १८४२ मध्ये तेथील सागवानासाठी त्या प्रमुखांकडून इंग्रजांनी जंगलाचे पट्टे मिळवले. बंदोबस्त आणि लाकूड या दोन गोष्टी खानदेशात फारशा वेगळ्या राहिल्या नाहीत.

सपाटीवर रयतवारी पद्धत आली. तिच्यात जमिनीची मोजणी करून प्रत्येक खातेदाराशी सरकार थेट सारा ठरवी. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी या मोजणीला मोठा विरोध केला, तो लष्कर आणून मोडावा लागला. मोजणीनंतर जमीन खातेदाराच्या नावे लागली, म्हणून ती गहाण टाकता येऊ लागली, आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने सावकाराच्या नावेही जाऊ लागली. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच काळात भुसावळवरून रेल्वे गेली आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. वंजाऱ्यांच्या तांड्यांचा धंदा मात्र याच रेल्वेने बसवला.

१८५७ च्या उठावात भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने राहिली, पण डोंगर शांत राहिले नाहीत. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा सरकारचाच चाकर होता. नोकरीतून निघाल्यावर तो उठावात उतरला आणि त्याने सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे इंग्रजी फौजेशी भिल्लांची मोठी लढाई झाली; तिच्यानंतर पकडलेल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो स्त्रियांना कैद झाली.

यानंतरचे नुकसान बंदुकीने झाले नाही, म्हणून इतिहासात ते कमी दिसते. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत विभागली. डोंगरउतारावरची झाडे तोडून जाळायची आणि राखेत बी टाकायचे ही शेती त्यामुळे गुन्हा ठरली, तर लाकूड, चराई आणि मध ही परवानगीची बाब झाली. त्याच वर्षीच्या मुंबईच्या अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळण्याला बंदी घातली, त्यामुळे तीच दारू मक्तेदाराच्या दुकानातून उधारीवर घ्यावी लागू लागली. ज्यांना सरकारने तगाई देऊन वसवले होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या जमिनी या उधारीत गेल्या. शहादा-तळोदा भागात अनेक भिल्ल त्याच शेतांवर सालदार म्हणून राबू लागले. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला शेतगडी. त्याने आधी घेतलेली उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच दारात काढावे लागे.

सरकारला हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा कर्जबाजारी कुळांच्या संरक्षणासाठी झाला, पण तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. सावकारांविरुद्ध दंगे पुणे-नगरकडे झाले होते आणि कायदा दंग्यांच्या मागे गेला. छप्पन्याच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर, १९०१ मध्ये, सरकारी जमीन विकता येणार नाही अशा अटीवर देण्याची तरतूद मुंबई सरकारने केली. रयतेच्या हक्कांवर घाला म्हणून फिरोजशहा मेहता आणि गोखले यांनी तिच्या निषेधार्थ विधिमंडळाची बैठक सोडली. त्यांची शंका निराधार नव्हती; पण विकण्याच्या हक्काने भिल्ल खातेदाराचे काय झाले होते, हा प्रश्न त्या सभागृहात भिल्लांच्या वतीने विचारणारे कोणी नव्हते.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि भिल्लांची बहुतेक वस्ती पश्चिम खानदेशात राहिली. तेथे १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी दारू सोडण्याचा, स्वच्छतेचा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने हाक मारण्याचा आग्रह धरला आणि त्यांच्या आरतीला हजारोंनी लोक जमू लागले. दारूचे मक्ते आणि सालदारी यांवर टिकलेल्या व्यवस्थेला ही आरती खुपली, यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर १९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्याच्या आदिवासींनी गेलेल्या जमिनींसाठी आंदोलन केले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणांचा विचार करतो. इंग्रजी अमलात हुकूमनाम्यांनी आणि गहाणखतांनी गेलेली जमीन त्याच्या कक्षेत येत नाही.