फलटणच्या चौपदरीवर डावी बाजू कुणाची?

आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५, फलटणवरूनच जातो. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. वारकऱ्यांसाठी कडेने पायवाटही आखलेली.

वाहनांसाठी नियम सरळ आहे: डावीकडून चालायचं, उजवी लेन ओव्हरटेकपुरती. गळीत हंगामात मात्र उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दुभाजकालाच चिकटून डुलत जातो. मग मागची गाडी डावीकडून घुसते, आणि तिथेच घात होतो.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल वेग: कार १००, बस ९०, मालवाहू व दुचाकी ८०. राज्य तो कमी करू शकतं, त्यामुळे फलकावरचा आकडाच खरा.

चौपदरी सोडून अरुंद घाटात शिरलात, तर चढणाऱ्याला आधी वाट. हा शिष्टाचार नव्हे, २०१७ च्या वाहनचालन नियमावलीतलं कलम.