रातांबीचें झाड

शहरांतल्या स्वयंपाकघरांत आमटींत पडणारें काळेंसावळें, सुरकुतलेलें आमसूल हें मूळचें लालचुटुक फळ असतें, याची पुष्कळांना कल्पना नसते. त्या फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत तेंच भिरंड होतें. कोकम हें नांव मात्र सर्वत्र चालतें. सह्याद्रीचा पश्चिम उतार हें या वृक्षाचें घर. गोव्यांत वास्तव्य करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या आंबट फळाची नोंद केली आहे. वृक्षाच्या शास्त्रीय नांवांतला 'गार्सिनिया' हा शब्द मात्र त्याच्यावरून आलेला नाहीं. तो लोरां गार्सें या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ योजिलेला आहे.

या फळाचें कांहींच वायां जात नाहीं. फळ फोडून साल निराळी काढतात, मीठ घातलेल्या त्याच्याच रसांत ती बुडवून उन्हांत वाळवितात, आणि वाळली कीं पुन्हां बुडवितात. असें कित्येकदां केल्यावर साल काळसर होते व वर्ष वर्ष टिकते. खारट रस राहतो तें आगळ. नारळाच्या दुधांत तें घातलें कीं सोलकढी झाली. सालींत साखर भरून ठेवली म्हणजे उन्हाळ्याचें सरबत तयार होतें. बियांतला मगज कुटून पाण्यांत उकळला कीं वर तेल येतें. थंड झाल्यावर तें थिजतें व त्याचे मुठीनें गोळे वळतां येतात. टांचांच्या भेगांना कोंकणांतल्या घरोघरीं हेंच लावीत आले आहेत. अलीकडे सालींतल्या आम्लानें चरबी झडते अशा जाहिरातीहि होतात; परंतु माणसांवरील प्रयोगांत त्यांना भक्कम आधार मिळालेला नाहीं.

इतकें गुणी झाड, तरी त्याची बाग अशी पूर्वीं कोणी फारशी केली नाहीं. परसाच्या कडेला किंवा रानांत आपोआप उगवलेल्या झाडांवरच सारें भागत आलें. याचा दोष शेतकऱ्याच्या आळसाकडे जात नाहीं. रातांबींत नरझाडें निराळीं आणि मादीझाडें निराळीं असतात. बी पेरली तर सुमारें निम्मीं रोपें नर निघतात, आणि कोणतें रोप काय निघणार हें फूल येईपर्यंत नुसतें पाहून सांगतां येत नाहीं. फूल यायला सात-आठ वर्षें लागतात! शंभर रोपें लावावीं, सात-आठ उन्हाळे तीं जगवावीं आणि शेवटीं त्यांतलीं निम्मीं वांझ ठरावीं, असला जुगार थोड्या जमिनीच्या धन्यानें खेळावा तरी कसा?

हा पेंच कलमानें सोडविला. मादीझाडाची कोंवळी काडी रोपावर बांधली कीं होणारें झाड मादीच. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें या मृदुकाष्ठ कलमाचा प्रसार केला. अशा कलमाला फळहि बियांच्या झाडाहून पुष्कळ लौकर धरतें. काडी मात्र सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम जगतें, फळतेंहि, पण आयुष्यभर आडवेंच पसरत राहतें. शिवाय केवळ मादी लावूनहि चालत नाहीं. दहा कलमांमागें एखादें नरकलम राखावें लागतें. पहिलीं एकदोन वर्षें सावली व उन्हाळ्यांत पाणी मिळालें, कीं पुढें हें झाड फार लाड मागत नाहीं.

दुसरी अडचण पावसाची. थंडींत आलेल्या फुलांचीं फळें एप्रिल-मे महिन्यांत पिकूं लागतात, आणि मागाहून पिकणारीं मृगाच्या सरींत सांपडतात. भिजलेलें फळ सडतें. आणि हातीं आलेंच तरी उन्हावांचून त्याचें आमसूल करावयाचें कसें? डोळ्यांदेखत झाडाखालीं लाल चिखल होतो. याकरितां दापोलीहून १९९७ सालीं 'कोंकण अमृता' ही जात देण्यांत आली. तिचीं बहुतेक फळें पावसापूर्वीं उतरवितां येतात. ही जात कोणीं प्रयोगशाळेंत घडविलेली नव्हे. बियांपासून उगवलेलें प्रत्येक झाड निराळें. कुणाचें फळ मोठें, कुणाची साल जाड, कुणाचा बहर लौकर. अशा निरनिराळ्या झाडांतूनच तिची निवड झाली. परसांतलीं व रानांतलीं जुनीं झाडें तुटतात तेव्हां पुढच्या निवडीचें हें भांडवलच तुटत असतें, आणि तें कलम बांधून परत आणतां येत नाहीं.