दुपारनंतरची शून्ये : कीड सर्वेक्षण आणि मोबाईलची बॅटरी

कपाशीच्या कीड सर्वेक्षणाचा साप्ताहिक नकाशा पाहत असताना दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्ट महिन्यात एक गोष्ट मला खटकली. हरियाणा आणि राजस्थानच्या सीमेवर, सिरसा ते हनुमानगड या पट्ट्यातील गावांतून आमचे सर्वेक्षक आठवड्यातून एकदा फिरतात. मार्गाच्या सुरुवातीच्या गावांतून पांढऱ्या माशीच्या नोंदी व्यवस्थित येत होत्या, शेताशेतांत फरकही दिसत होता. मार्गाच्या शेवटच्या गावांत मात्र एक तर नोंद नव्हती, किंवा ओळीने शून्ये होती. मधल्या दोन-तीन कालव्यांखेरीज या गावांत काही अंतर नाही. वाण तेच, पेरणीचा पंधरवडा तोच. पांढरी माशी गावांची वेस पाहून बसत नाही.

मी जो निष्कर्ष काढला तो बहुतेक अधिकारी काढतील तोच होता : सर्वेक्षक दुपारनंतर घरी जात असावा. दूरध्वनीवरून मी त्याला चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे एवढेच सांगितले, ‘‘मॅडमजी, फोन दोपहर में मर जाता है.’’ मला ती सबब वाटली. पुढच्या आठवड्यात त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी संपूर्ण मार्ग फिरायचे ठरविले.

सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा सर्वेक्षणाचा फोन पूर्ण भारित होता. पांढऱ्या माशीची मोजणी सकाळी दहाच्या आत उरकणे चांगले, कारण ऊन चढले की प्रौढ माश्या चंचल होतात आणि पान उलटताच उडून जातात. तोपर्यंत चार शेते झाली आणि फोनवर निम्म्याहून कमी भार उरला. पावणेएकच्या सुमारास एका शेतात गुलाबी बोंडअळीची डोमकळी दिसली. छायाचित्र घेण्यासाठी कॅमेरा उघडला, पडद्यावर २८ टक्के दिसत होते, आणि फोन बंद पडला. माझा स्वतःचा फोन मोटारसायकलच्या दांडीवरील चार्जरला लावला होता. तापमान वाढल्यामुळे भारण थांबविले आहे, अशी सूचना त्यावर झळकत होती. तीन गावे बाकी होती.

सर्वेक्षकाने खिशातून छोटी वही काढली आणि उरलेल्या तिन्ही गावांत पाने मोजून आकडे टिपले. वेळ उलटून गेली होती, पण काम त्याने सोडले नाही. संध्याकाळी घरी फोन भारल्यावर तो हे आकडे ॲपमध्ये भरत असे. वही भिजली किंवा एखाद्या दिवशी वीज आली नाही, तर? तेव्हा तो आठवणीने भरी. आणि ज्या शेतापर्यंत पोहोचणेच झाले नाही, तिथे शून्य टाकी. कारण आमच्या ॲपमध्ये मोजणीचा रकाना रिकामा ठेवून अर्ज पुढे जातच नव्हता. हा अर्ज ठरविणाऱ्या समितीत मीही होते.

‘शून्य माश्या’ आणि ‘पाहणी झाली नाही’ या दोन गोष्टी नकाशावर एकाच रंगाच्या झाल्या, तर त्याचा परिणाम काय होतो, हे उत्तर भारतातील कपाशी उत्पादकाला समजावून सांगावे लागत नाही. २०१५ साली पंजाब आणि हरियाणात पांढऱ्या माशीने नरम्याचे, म्हणजे अमेरिकन कपाशीचे, केलेले नुकसान अजून लोकांच्या बोलण्यात असते. त्या भागात आर्थिक नुकसानीची पातळी सकाळच्या वेळी पानामागे ६ प्रौढ माश्या अशी धरली जाते. उन्हाळी तापमानात या किडीची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते. म्हणजे एका आठवड्याची खोटी शून्ये ही अर्ध्या पिढीची सूट ठरते, आणि ती सूट किडीला मिळते.

यानंतर मी बॅटरी हा विषय कीटकशास्त्राच्या विद्यार्थिनीप्रमाणे मुळापासून वाचायला घेतला. सोनी कंपनीने १९९१ साली व्यापारी स्वरूपात आणलेला लिथियम-आयन विद्युतघट आजही आपल्या फोनमध्ये आहे. त्याच्या ऋण ध्रुवाच्या ग्रॅफाईटवर एक पातळ थर तयार होतो. हा थर जरुरीचा असतो, पण तो हळूहळू जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. उष्णतेत ही क्रिया वेग घेते. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम इथेही उपयोगी पडतो. पूर्ण भारलेला घट उष्ण जागी ठेवणे हे त्यात सर्वांत वाईट. बहुतेक उत्पादकांच्या माहितीपत्रकात फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश तापमान दिलेले असते. सिरसा, अकोला, रायचूर किंवा श्रीगंगानगर येथे खरिपातील दुपारी शेतात उभा असलेला माणूस अनेकदा या मर्यादेबाहेर असतो, आणि त्याचा फोन उन्हात हवेपेक्षाही जास्त तापतो.

भार लवकर संपण्याची कारणे याहून साधी आहेत. उन्हात पडदा वाचता यावा म्हणून त्याचा उजेड पूर्ण वाढविला जातो आणि सर्वांत मोठा खर्च तिथेच होतो. उपग्रहावरून स्थाननिश्चिती सतत चालू असते. शिवारात मनोरा लांब असल्याने फोन जास्त शक्तीने संदेश पाठवितो, संपर्क तुटला की तो पुन्हापुन्हा शोधत राहतो. शहरातल्या टेबलावर दोन दिवस चालणारा फोन बांधावर अर्ध्या दिवसात संपतो, तो यामुळे.

२८ टक्के असताना फोन अचानक का बंद पडला, याचे उत्तर मात्र वेगळे आहे. घट जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा आणि स्थाननिश्चिती एकाच वेळी चालू झाली की क्षणभर मोठा प्रवाह लागतो. जुन्या घटाचा दाब तेवढ्यात कोसळतो आणि फोन स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो. टक्क्यांचा आकडा पूर्णपणे खोटा नसतो, पण तो मागणीच्या क्षणी उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने मान्य केले की, घट जुने झालेल्या फोनची गती ती संगणकीय आज्ञावलीतून कमी करीत होती. कारण हेच होते : अचानक बंद पडणे टाळणे. तांत्रिकदृष्ट्या युक्ती समजण्यासारखी आहे. ग्राहकांना न सांगता ती केली, ही खरी तक्रार होती, आणि त्यावरून फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. बॅटरी बदलली असती तर जो फोन पूर्ववत चालला असता, तो जुना झाला असे समजून कित्येकांनी नवा घेतला असेल.

आमच्या फोनबाबत सेवा केंद्राचा अनुभव नमुनेदार होता. वातानुकूलित खोलीत यंत्राला जोडून तपासणी झाली आणि ‘घट सामान्य स्थितीत आहे’ असा कागद मिळाला. तिथे तो सामान्यच होता. शेतात ४० अंशांत तो कसा वागतो, हा प्रश्न त्यांच्या तपासणी तक्त्यात नव्हता. मागील झाकण चिकटविलेले असल्याने बॅटरी आम्ही स्वतः बदलणे शक्य नव्हते. पूर्वीच्या फोनमध्ये नखाने झाकण उघडून दुसरी बॅटरी घालता येई; सर्वेक्षकाच्या खिशात एक जादा बॅटरी असली की दिवस निभावून जाई. फोन बारीक आणि चकचकीत करण्याच्या नादात आपण ही सोय गमावली, याबद्दल माझे मत फारसे मवाळ नाही.

खरेदी करताना दोष आपलाही असतो. खोक्यावर मिलीअँपिअर-तासांचा एक मोठा आकडा असतो आणि त्याच्याकडे पाहून आपण निर्णय घेतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनच्या घटाने किमान ८०० भारण-चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकवून धरावी, असे बंधन आले आहे. फोन किती तास चालेल आणि घट किती चक्रे टिकेल, हे लेबलवर छापावे लागते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली; तिच्यापुढील विषयांत मोबाईल फोनबरोबर शेती अवजारेही आहेत, ही जोडी आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तक्रार असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

पॉवर बँकेच्या आकड्याबद्दलही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण फसवणूक झाल्याची भावना तिथे फार आढळते. १०,००० मिलीअँपिअर-तासांची बँक ५,००० चा फोन दोनदा भरेल, असा हिशेब आपण करतो. तो चुकतो. हा आकडा आतील घटाच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. फोनला वीज ५ व्होल्टने द्यावी लागते आणि या रूपांतरात काही वीज उष्णता होऊन जाते. प्रत्यक्षात फोन एकदा पूर्ण आणि दुसऱ्यांदा अर्धवट भरतो. बँकेच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली ‘रेटेड’ क्षमता वाचावी. ती नेहमी ठळक आकड्यापेक्षा बरीच कमी असते. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेली बँक घेऊ नये. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापणारी निकृष्ट बँक ही केवळ गैरसोय नाही, तो धोका आहे.

थोडे विषयांतर. टोळ लांब उड्डाणात मुख्यतः शरीरातील चरबी जाळतो. एक ग्रॅम चरबीत दहा वॅट-तासांहून थोडी जास्त ऊर्जा असते. चांगल्या लिथियम-आयन घटाच्या एका ग्रॅममध्ये पाव वॅट-तासाच्या आसपास. म्हणजे ज्याचा मागोवा आपण घेत आहोत, त्याचे इंधन आपल्या उपकरणाच्या इंधनापेक्षा वजनामागे चाळीस पट सरस आहे. ही शर्यत आपण घाईने जिंकणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींसाठी एक व्यावहारिक गोष्ट. पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्टचा शिसे-आम्ल घट असतो आणि त्याचा स्वभाव फोनच्या घटाच्या नेमका उलट आहे. तो रिकामा ठेवला की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. हंगाम संपल्यावर फवारणी करून तसाच कोपऱ्यात ठेवलेला पंप पुढच्या खरिपात ‘बॅटरी गेली’ म्हणून दुकानात येतो, तो याच कारणाने. तो पूर्ण भरून ठेवावा आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावा. लिथियमचा घट मात्र दीर्घकाळ ठेवायचा असेल, तर निम्मा भरून, थंड व कोरड्या जागी ठेवावा. काही नव्या पंपांत लिथियमच असते, म्हणून आधी लेबल पाहावे. १५ ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय कीड निगराणी प्रणालीत शेतकरी स्वतःच किडीचे छायाचित्र पाठवू शकतो. तेव्हा फोनचा हा प्रश्न आता केवळ सर्वेक्षकाचा राहिलेला नाही.

आमच्या मार्गावर आता काही बदल केले आहेत. जुन्या फोनच्या बॅटऱ्या सेवा केंद्रातून बदलून घेतल्या. नव्या फोनच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ निघाला. नकाशा आधीच उतरवून घेतला जातो आणि दोन शेतांमधील अंतरात फोन विमान-स्थितीत राहतो; उपग्रहावरून स्थाननिश्चिती त्या स्थितीतही होते. उन्हात चालत्या मोटारसायकलवर भारण बंद केले, दुपारच्या जेवणाच्या वेळी सावलीत ते होते. मार्गाचा क्रम दर आठवड्याला उलटा केला जातो, म्हणजे सकाळची मोजणी नेहमी त्याच गावांच्या वाट्याला जात नाही. नमुना घेण्याच्या शास्त्राने हे आम्हांला पहिल्याच वर्षी सुचवायला हवे होते. आणि अर्जात ‘पाहणी झाली नाही’ असा स्वतंत्र पर्याय आला, कारण लिहिण्यासाठी शेजारी एक रकाना आला.

पहिल्या महिन्यात तो पर्याय इतक्यांदा निवडला गेला की नकाशा आधीपेक्षा विस्कळीत दिसू लागला आणि वरिष्ठांकडून विचारणा झाली. मी उत्तरात मागील वर्षीचा आणि चालू वर्षीचा असे दोन्ही नकाशे जोडून पाठविले. सर्वेक्षकाच्या वहीसाठी आता कार्यालयातून प्लॅस्टिकचे वेष्टण दिले जाते. ती मागणी त्याचीच होती.