उसाची साखर वाढवा, रक्तातली आवरा



तोडणीआधी आम्ही फडात येऊन उसाचा ब्रिक्स पाहतो. आकडा चढला की तुम्ही-आम्ही खूश! पण रक्तातली साखर चढली, तर नुसती साखर पाहून भागत नाही. निलंगा भागात गटागटांतून फिरताना हे सांगावेसे वाटते.

मधुमेह आटोक्यात नसला की रक्तवाहिन्या ताठर होतात, मूत्रपिंडावर ताण येऊन अंगात मीठ-पाणी साचते आणि रक्तदाब वाढतो. इन्सुलिनचे काम नीट न झाल्याने यकृत रक्तात जादा चरबी सोडते, ती वाहिन्यांत थर धरते. ठिबकच्या नळीत क्षार साचावा अन् वरून मोटारीचा दाब वाढावा, तसे हे आहे. नळी बदलता येते. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांचे तसे नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

“त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला?” असे काहीजण म्हणतात. अहो, मुळाला हुमणी लागली तरी ऊस काही दिवस हिरवाच दिसतो!

तेव्हा मधुमेही सभासदांनी दवाखान्याच्या दर खेपेला रक्तदाब, दर तीन महिन्यांनी सरासरी साखर आणि वर्षातून एकदा रक्तातील चरबी व लघवी तपासून घ्यावी. साधारणपणे रक्तदाब 130/80 च्या आत व सरासरी साखर 7 टक्क्यांच्या आत असावी. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. मीठ, लोणचे, पापड कमी करावे, तंबाखू सोडावी. गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नये.

फडाइतकीच अंगाचीही निगा राखावी, ही विनंती.