जाम ड्रम : हातोड्याआधी सबूर

पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभी असलेली जुनी मारुती ८०० पाचोऱ्याच्या गॅरेजात येते, तेव्हा मागचा ड्रम हलत नाही. कारागीर हातोडा उचलतो. पण ड्रम बिडाचा. तडकला की मजुरी गेली, गिऱ्हाइकही गेले.

नवशिक्या बंधूंना आमचे सांगणे असे : पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर घ्या, मग हँडब्रेक सोडा. मधला नट काढा. मागच्या पत्र्याच्या भोकातून पेचकस घालून शू सैल करा; म्हणजे झिजलेल्या ड्रमची कड त्यात अडकणार नाही. मग ड्रम दोन्ही बाजूंनी सारखा ओढा.

आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याने फुफ्फुसाचा कर्करोग होतो. ओल्या फडक्याने पुसा. गिऱ्हाइकाची गाडी अमानत आहे, तशीच आपली तब्येतही.