मेलेली कोंबडी पुरणारे हात आणि प्रयोगशाळेचा दरवाजा

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला आणि एक किलोमीटर परिसरातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला. शेणवा ते मुरबाड पट्ट्यात घरामागे चार कोंबड्या पाळणाऱ्या गरिबाला या बातमीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मेलेली जनावरे ओढण्याचे काम या देशात कोणाच्या माथी मारले गेले, हे आपण जाणतोच. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता, तितकाच आरोग्याचाही होता. कारण प्राण्यातला विषाणू माणसात येतो तो आधी राबणाऱ्याच्या अंगावरून. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडीमार्फत पसरतो. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोचला, तेव्हा तापाने फणफणली ती रानात जाणारी कष्टकरी माणसे.

या रोगांचा अभ्यास आपल्या दारातच होतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून हे काम करते आहे. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा तिच्याच शास्त्रज्ञांनी शोधल्या. प्रश्न असा आहे की, रोग आपल्या वस्तीत येतो, रक्ताचे नमुने आपले घेतले जातात, मग सूक्ष्मदर्शकामागे आपली मुले किती?

आपली मुले आता पीएच.डी.पर्यंत पोचली आहेत. बार्टीची फेलोशिप आणि राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तेथवर हात देते. पण शास्त्रज्ञ होण्याची खरी पायरी त्यापुढची असते. तिला पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. पदवी हाती आल्यावर एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे पगारी काम करून स्वतःचे संशोधन उभे करायचे. ज्यांच्या घरात प्राध्यापक आहेत त्यांना ही वाट जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या मुलाला ती कोणी सांगत नाही आणि तो तासिका तत्त्वावर राबत राहतो.

म्हणून सांगतो, आयसीएमआर आपल्या संस्थांत काम करण्यासाठी अशी फेलोशिप देते. युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप भारतीयांनाही खुली आहे. पीएच.डी. संपण्याआधीच योग्य मार्गदर्शक शोधून त्याला पत्र लिहावे. आणि शासनाकडे आपली मागणी असली पाहिजे की, आपल्या संशोधकांना पीएच.डी.नंतर वाऱ्यावर सोडू नका, या विषयासाठी स्वतंत्र निधी द्या.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते शिष्यवृत्तीच्या बळावरच. शेणव्याच्या मुलीने उद्या विषाणूशास्त्रज्ञ व्हावे, ही अपेक्षा मोठी नाही. मेलेली कोंबडी पुरणाऱ्या हातांना ती का मेली हे शोधण्याचाही हक्क आहे.