मोडीत घालण्याआधी

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी सासूबाईंचं मोराचं पंचपाळं मोडीत घातलं. पितळेचं वजन झालं, मोराचे पैसे कुणी धरलेच नाहीत.

पाहुण्यांपुढे पान-सुपारी, हळदीकुंकू ठेवायच्या वस्तूंना आपल्याकडे मोर-पोपटांचे आकार असत, अडकित्तेसुद्धा घोड्याचे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या आणि १९७५ साली सरकारला दिल्या. त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आहे.

म्हणून मोडीआधी फोटो काढा. वस्तू कुणाच्या माहेरची, ते थोरल्यांना विचारून वहीत लिहा. चिंचेनं उजळा, तारेच्या घासणीनं नक्षी झिजते. विकायचीच तर आधी गटात दाखवा, दोन ठिकाणी भाव विचारा.